जिना पुढे, लिफ्ट बाजूला!

मंडळी, आज इतका आनंद झालाय की बैठकीतून आले आणि थेट लिहायलाच बसले!

जळगावातल्या एका सोसायटीच्या नव्या इमारतीचा माझा नकाशा आज मंजूर झाला. आत येताच समोर रुंद, उजेडाचा जिना. लिफ्ट आहेच, पण बाजूला.

अध्यक्ष आबा आधी हसले. "ताई, लिफ्ट सोडून जिना कोण चढणार?"

मग मी त्यांना सत्तर सालच्या आसपासची, धुळ्यातली आमची मुलींची शाळा सांगितली. मैदान नव्हतं. रस्त्यावर पळालो की घरी बोलणी बसायची. नवी इमारत बांधताना मुख्याध्यापिका बाईंनी हट्टानं मधोमध ऐसपैस जिना करून घेतला.

पहिल्या दिवशी आम्ही बिचकत चढत होतो. बाई खालून ओरडल्या, "पळा गं पोरींनो! इथं कुणी रागावणार नाही!"

आम्ही दणादण वर! एरवी तोंडातून शब्द न काढणारी सुमन गच्चीवरून ओरडली, "आठे या व! बठ्ठं गाव दिखस!" म्हणजे आमच्या अहिराणीत, इकडे या गं, सगळं गाव दिसतंय!

आबांनी नकाशा पुढे ओढला. मग म्हणाले, "जिना अजून हातभर रुंद करा. माझ्या दोन नाती आहेत."

तुमच्या इमारतीत आहे का हो अशी जागा, जिथं उगाचच पळावंसं वाटतं?