मामा वाट चुकतो

आमच्या गोदूबाई मास्तरीणबाई कशाला भीत नसत ते सांगणं सोपं, कारण ती यादी लहान आहे. पालीला भीत, वळूला भीत, तपासणीला येणाऱ्या दिपोटीसाहेबांना तर इतक्या भीत की फळ्यावर लिहिताना खडू मोडायचा. धसईजवळच्या आमच्या शाळेत त्या एकट्याच शिकवत.

एकेचाळीस सालच्या पौषात मात्र त्यांनी धाडस केलं. अभ्यासाला न नेमलेली, मुलांसाठीची एक कादंबरी आणली आणि दुपारी आम्हांला वाचून दाखवू लागल्या. दोघी मैत्रिणी, एक अंथरुणाला खिळलेली, दुसरी तिला रोज एक गोष्ट सांगणारी. आम्ही आ वासून ऐकत होतो. चौथीतल्या एकट्या धाऊनं कानांत बोटं घातली.

"नका वाचू, बाई. दिवसा गोष्ट आयकली का मामा वाट चुकतो."

बाई हसल्या. कधी नव्हे त्या हसल्या, तेही नको तिथं. धाऊनं लाजून बोटं काढली. तिला मायबाप नव्हते. बारकूमामानं तिला वाढवलेलं, आणि तो बैल विकायला म्हशाच्या जत्रेला गेला होता. सोमवारी यायचा तो बुधवारपर्यंत आला नाही.

धाऊ जेवेना. "मीच आयकली," एवढंच म्हणे. आम्हीही घाबरलो; ज्याला त्याला आपापला मामा आठवला. मामा नाहीच आला तर ही पोर जन्मभर स्वतःला दोष देत बसेल, याची बाईंना धडकी भरली होती.

त्यांनी तिला जवळ घेतलं. "अगं, ऐकणाऱ्याचा नाही, सांगणाऱ्याचा मामा चुकतो. गोष्ट मी सांगितली."

"तुमाला मामा हाय?"

"आहे ना, शहापूरला. त्यांनीच मला शिकवलं."

एवढं बोलल्या आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

गुरुवारी बारकूमामा आला. न विकलेला बैल वाटेत लंगडला होता, बाकी काही नाही. बाईंनी मात्र त्याच दिवशी शहापूरला कार्ड टाकलं आणि पुस्तक कपाटात कोंडलं. असल्या गोष्टी न मानणाऱ्या आमच्या बाई रोज दारात उभ्या राहून टपालवाल्याची वाट पाहत. शेजारी त्यांचा पदर धरून धाऊ. "येल कागद, बाई. माजा मामा आला ना?"

नवव्या दिवशी कार्ड आलं. बाईंनी डोळे मिटून ते धाऊपुढे धरलं; धाऊनंच ते वाचलं. 'मी खुशाल आहे. एकाएकी माझी काळजी का?'

बाई पायरीवर बसून रडल्या. धाऊनं कपाटातलं पुस्तक आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"वाचा, बाई. पन आदी मामाला लिवा, घराभायेर पडू नका."