महादेवीचं घर कुठलं?

शिकेकाईचा वास उन्हात किती बदलतो! न्हाणीघराच्या काळोख्या ओलाव्यात तो नुसता कडसर असतो. पण न्हाऊन आलेलं कुणी केस मोकळे सोडून माघातल्या कोवळ्या उन्हात उभं राहिलं की त्याच वासाला एक स्निग्ध ऊब येते, आणि रस्त्यानं जाणाऱ्या परक्यालाही तो जराशी आपुलकी देऊन जातो. बुधवार पेठेतल्या एका गल्लीच्या तोंडाशी सकाळी अकराच्या सुमाराला हा वास मला पहिल्यांदा आला, तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन पुण्यात आले होते. वर तिसऱ्या मजल्याच्या सज्जात चार-पाच बायका केस वाळवत बसल्या होत्या. एक दुसरीच्या केसांतला गुंता सोडवत होती, आणि जिचे केस ओढले जात होते ती खोटंखोटं ओरडत होती. इतकं घरगुती, इतकं ओळखीचं ते दृश्य, की मी मान वर करून पाहतच राहिले. सासूबाईंनी माझं कोपर धरलं. पुस्तकांच्या दुकानांकडे जायला तीच वाट जवळची होती, हे मला नवखीलाही दिसत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "जवळची आहे. पण आपल्याला घाई नाही."

मग पस्तीस वर्षं मला घाई झाली नाही. शहर आपल्याला असंच तर शिकवलं जातं! कुठं भाजी स्वस्त, कुठला डॉक्टर चांगला, आणि कुठून जाताना नजर खाली ठेवायची. त्या सज्जातल्या बायकांबद्दल माझ्या मनात तिरस्कार नव्हता. एक दूरस्थ, निरुपद्रवी करुणा होती. आता वाटतं, तिरस्काराशी निदान भांडता तरी येतं. करुणेला मात्र आपण इतक्या सद्भावनेनं मनात नांदवतो, की तिच्या पोटात किती अज्ञान आहे हे तपासायचं सुचतच नाही.

ते तपासायची वेळ माझ्यावर मी टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर आली. वारज्याला आमच्याच सोसायटीत मुक्ता नावाची एक तरुण वकील राहते. एका संध्याकाळी ती दारात उभी राहिली.

"काकू, तुमचं माहेर जतकडचं ना? कानडी येतं तुम्हाला?"

"बोलता येतं. का गं?"

"उद्या कोर्टात याल? माझी एक क्लायंट आहे, महादेवी. तीन महिन्यांपूर्वी पेठेत पोलिसांचा छापा पडला, तेव्हापासून ती निवारागृहात आहे. एरवी मराठी बोलते, पण कोर्टात उभी केली की तिची वाचा बसते. न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, तिच्या भाषेत विचारा."

सांगली जिल्ह्याच्या सीमेवरच्या आमच्या गावात घरात मराठी आणि अंगणात कानडी असे. आईनं मला मराठीत वाढवलं, पण झाडावर चढायला आणि भांडायला मी कानडीत शिकले. इतक्या वर्षांनी ती भाषा कुणाच्या उपयोगी पडणार, याचाच मला आनंद झाला. खरं सांगू? त्या रात्री मी मनातल्या मनात एका अभागी स्त्रीला नरकातून बाहेर काढत होते. तिला सुखरूप घरी पोचवणारा आवाज माझा असणार होता!

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या बाकावर माझ्याशेजारी एक साठीचा गृहस्थ बसला होता. पांढरी टोपी, कपाळावर विभूती, मांडीवर कापडी पिशवी. तो महादेवीचा मामा होता. तिचे आईवडील गेलेले. चौकशीत हा नातेवाईक सापडला म्हणून त्याला विजापूरकडच्या खेड्यातून बोलावून घेतलं होतं आणि तिला त्याच्या ताब्यात द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मी कानडीत बोलताच त्याचा चेहरा उजळला. त्यानं पिशवी उघडून मला एक नवी इरकली साडी दाखवली. "पोरीला उघड्या हातानं कसं न्यायचं, अम्मा?" असं म्हणताना त्याचे डोळे पाणावले. माझेही पाणावले. पाऊसपाण्याच्या, ज्वारीच्या गोष्टी आम्ही बोललो. कानाला लहानपण भेटल्यासारखं झालं. मी मुक्ताच्या कानात म्हटलं, "देवमाणूस आहे गं." मुक्ता नुसतीच "हं" म्हणाली. तिच्या भेटींत महादेवी या मामाबद्दल एक अक्षर बोलली नव्हती, आणि त्या न बोलण्याचा अर्थ तिलाही लागत नव्हता.

महादेवीला आत आणलं. सोबत महिला पोलीस. तिशीची, सावळी, ठेंगणी. निवारागृहातली निळी साडी तिच्या अंगावर दुसऱ्याच कुणाची असावी तशी दिसत होती. न्यायाधीशबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, ती जे बोलेल तेवढंच सांगायचं. आपलं काही घालायचं नाही."

"हो."

"तिला विचारा, घरी जायची इच्छा आहे का?"

मी विचारलं. महादेवी खाली पाहतच चटकन म्हणाली, "मनीगे होगतीनि."

मनी म्हणजे घर. घरी जाते. यात अडण्यासारखं काय होतं? "हो, घरी जाते म्हणते," हे वाक्य माझ्या ओठांवर आलंच होतं. लेखनिकाची बोटं टाइप करायला सज्ज होती. मामानं पिशवी सावरली होती. पण माझ्या लक्षात आलं, की या मुलीनं आत आल्यापासून मामाकडे एकदाही पाहिलेलं नाही. ज्याला आपण घरचं माणूस म्हणतो, त्याच्याकडे तीन महिन्यांच्या बंदिवासानंतर कुणी असं न पाहता राहू शकतं? आणि त्याच क्षणी आमच्या गावचं अंगण आठवलं. तिथं परगावी राहणारी बाई गावाकडे निघाली की म्हणायची, ऊरिगे होगतीनि. ऊरु म्हणजे गाव. मनी मात्र ती, जिथं आपली चूल. महादेवी मनी म्हणाली होती. ऊरु म्हणाली नव्हती.

"साहेब," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला परका वाटला, "एक शब्द अडलाय. परत विचारू का?"

"काय अडलंय?"

"ती घर म्हणाली. कुठलं घर, ते म्हणाली नाही."

न्यायाधीशबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "विचारा."

"याव मनी, महादेवी?" कुठलं घर, असं मी विचारलं.

तिनं मान वर केली. तीन महिन्यांत तिला हे कुणी विचारलंच नसावं. ती बोलू लागली, आणि मी तिच्यामागून शब्दाला शब्द सांगू लागले. सुरुवातीला मी "ती म्हणते, ती म्हणते" करत होते. ते कधी गळून पडलं, मला कळलं नाही.

"पेठेतली खोली, ते माझं घर. तिथं माझी अक्का आहे. सख्खी नाही, पण मला तिनंच सांभाळलं. तिचा उजवा हात वाऱ्यानं गेलाय. तिला भात कोण कालवून देत असेल? मला गावी जायचं नाही. हा माझा मामा. मी पंधरा वर्षांची होते. पुण्यात कपड्यांच्या कारखान्यात काम आहे, असं सांगून यानंच मला आणलं आणि त्या गल्लीत सोडून गेला. आता परत न्यायला आलाय. या वेळी कुठं नेईल?"

"खोटं सांगतंय पोर!" मामा ताडकन उठला. "साहेब, मी मामा हाय तिचा!"

"मामा आहात हे तिनंही सांगितलंय," न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या. "बसा."

मग त्यांनी तिला वय विचारलं. एकतीस. तिथं कुणाची बळजबरी आहे का, विचारलं. "पहिली काही वर्षं होती. आता नाही." परत गेलीस तर तेच काम करणार का, असंही विचारलं.  

"ते आत्ता नाही सांगता येत," महादेवी म्हणाली. "मला शिवण येतं. अक्काजवळ बसून ठरवीन. पण इतकी वर्षं मला आणलं, मला ठेवलं. मग पोलिसांनी मला धरून नेलं, सोडवलं म्हणाले, आणि पुन्हा ठेवलं. आता तरी मला कुणी नेऊ नका. मी जाते."

मी हे शब्दाला शब्द मराठीत सांगितलं. एका आयुष्यातली सगळी क्रियापदं दुसऱ्यांच्या हाती असावीत, आणि त्यात दुष्टांच्या हातांइतकेच सज्जनांचेही हात असावेत! तिला विकणारा तिला न विचारता घेऊन आला. तिला वाचवणाऱ्यांनी तरी कुठं विचारलं होतं? आणि मी? मी तर तिला न पाहताच पोचवायला निघाले होते.

ती सज्ञान आहे. तिला कुणाच्याही ताब्यात देण्याची गरज नाही. तिला हवं तिथं जायला ती मोकळी आहे, असा आदेश झाला. मामाविषयी तिचा जबाब नोंदवून पोलिसांनी चौकशी सुरू करावी, असंही न्यायाधीशबाईंनी सांगितलं. मामा दाराशी शिपायाजवळ बसून राहिला. साडीची पिशवी त्यानं पायाखाली सारली होती.

बाहेर आल्यावर मी पायरीवरच बसले.  मुक्ता आनंदानं म्हणाली, "काकू, ग्रेट! काय क्वेश्चन विचारलात!" तिला काय सांगू, की तो प्रश्न न विचारण्यापासून मी एका श्वासाच्या अंतरावर होते? काही चांगलं घडलं याच्या आनंदापेक्षा, आपल्या तोंडून घडू पाहणारा अपराध टळला याची सुटका किती खोल असते! अशा सुटकेत तर हसूही येत नाही. नुसता श्वास मोकळा होतो.

महादेवी कपडे बदलून, तिची स्वतःची हिरवी साडी नेसून आली.

"चल, मी रिक्षानं सोडते तुला," मी म्हटलं.

"नको अम्मा," ती मराठीत म्हणाली. "वाट ठाऊक आहे." दोन पावलं जाऊन ती वळली, माझा हात क्षणभर हातात धरला, आणि चालू लागली.

पुढे वर्षभर ती पेठेतच राहिली. कळलं तेव्हा माझं मन खट्टू झालं, हे लपवत नाही. मी मुक्ताला म्हटलं, "मग आपण मिळवलं काय?" मुक्ता मला कधी उलटून बोलत नाही, त्या दिवशी बोलली. "काकू, ती सुटावी, पण आपल्याला आवडेल तसंच जगावं, अशी अट होती का?"  ते वर्ष तिनं कसं काढलं, मी कधी विचारलं नाही. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.

मामावर खटला उभा राहिला. तो कोर्टाच्या चालीनं चालला आहे. महादेवीची साक्ष झाली, त्या दिवशी मला बोलावणं आलं नाही. मी मुक्ताला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "दुभाषी लागलाच नाही, काकू. घडाघडा मराठीत बोलली." एखाद्या कामावरून काढून टाकल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

आता ती अक्काला घेऊन हडपसरला राहते. एका चाळवजा इमारतीत वरच्या मजल्यावर खोली आहे, ब्लाउज शिवते, आणि आसपासच्या बायका तिच्या गळ्यांची तारीफ करतात. मागच्या आठवड्यात मी कापड घेऊन गेले. दार बंद होतं, आतून बोलण्याचा आवाज येत होता. मी कडी वाजवली.

"कोण?"

"मी, वारज्याची अम्मा."

"थांबा जरा. अक्काला भरवते आहे."

 आत ताटाचा आवाज झाला, अक्का काहीतरी पुटपुटली, महादेवी हसली. मी जिन्यात कापडाची पिशवी घेऊन उभी होते. शेजारची बाई म्हणाली, "ताई, ढकला की दार, उघडंच असेल." मी नको म्हटलं. पाच मिनिटं झाली असतील, दहाही असतील. त्या दाराबाहेर ताटकळत उभं राहताना मला किती हलकं वाटत होतं, कसं सांगू! ती उघडील तेव्हा उघडील. मला घाई नव्हती, आणि तिला तर नव्हतीच.