हवेत बांधलेली तार

आज रोह्याच्या बाजारात मोटार वाइंडिंगच्या दुकानातून व्हार्निशचा वास आला आणि पेणची, रामवाडीतली माझी भाड्याची खोली आठवली. तेव्हा हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेने बिनतारी संपर्क साधण्याचं, लायसन्स नुकतंच हातात पडलं होतं, पण अँटेनाशिवाय सेट मुकाच होता. मालकीणकाकूंनी मात्र बजावलं, "छपरावर नाय, भिंतीला नाय, माडाला खिळा नाय. नायतर खोली सोड." "मग काय हवेत बांधू?" मी विचारलं. "व्हय गो, हवेत बांध," त्या हसून म्हणाल्या. मी तेवढंच धरून बसले. पाइप बाद, बांबू बाद; उरली वाइंडिंगची बारीक तांब्याची तार. तिचं एक टोक खिडकीतून सेटला जोडलं, दुसरं नारळ पाडायला आलेल्या गड्याकडून सुंभाने माडाला बांधून घेतलं. संध्याकाळी केरळातल्या कुणीतरी माझ्या हाकेला ओ दिली. आवाज ऐकून काकू अंगणात आल्या आणि मान वर करून तार शोधू लागल्या. "कुठं बांधलीस गो?" "तुम्ही सांगितलंत तिथंच." आता इथे रोह्यात कालच आमच्या सोसायटीची अँटेनाबद्दल नोटीस आली आहे: गच्चीवर नाही, गॅलरीत नाही, भिंतीला नाही. हवेबद्दल तिच्यात काहीच लिहिलेलं नाही. मी दुकानात शिरले आणि तीच तार मागितली.