जिपेच्या पोटातला जोड

अकोल्याचा आमचा मिस्त्री गाडी बघायचा ती कानांनी. पान्याने लोखंड ठोकायचा आणि डोळे मिटून ऐकत बसायचा. मध्येच काही विचारलं की म्हणायचा, “थांबा भाऊ, तिले बोलू द्या.”

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या जिपा विकायला निघाल्या होत्या. चारही चाकांना जोर, म्हणजे आमच्या काळ्या मातीच्या चिखलातून शेतापर्यंत जाता येणार. अमरावतीच्या एका दलालाकडे होती तशी एक, नव्या हिरव्या रंगाची. मी मनातून ती घेतलीच होती.

तपासायला सोबत नेलेला मिस्त्री तिच्याखाली शिरला. ठोकण्याचा आवाज आला आणि थांबला. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला.

“घेऊ नोका. चासीले, खालच्या सांगाड्याले, चीर हाये. कच्चा जोड मारून वरून रंग फासला.”

दलाल बिथरला. “कच्चा कसा? लष्कराकडून घेतली त्या मालकानं अकोल्याच्या नामी मिस्त्रीकडून करून घेतला हाये.”

मिस्त्रीने हातातला पाना फडक्याने सावकाश पुसला.

“तो मीच. त्या दिवशी घाई व्हती. ठोकून ऐकलंच नाई.”

एवढं बोलून तो आपणहून पुन्हा जिपेखाली शिरला आणि म्हणाला, “लोखंड कापाची गॅसबत्ती मागवा. पहिले हा जोड काढतो.”