पत्रे हादरविणारे खर्जेश्वर

नादरूप परमेश्वराला वंदन करून लिहितो. वाडीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत जुन्या माणसांविषयी लिहावे, अशी मंडळींची आज्ञा आहे. स्तुतीस पात्र पुष्कळ आहेत; मला मात्र खर्जेश्वर आठवतात.

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत लाउडस्पीकर लावणाऱ्या या गृहस्थांना हे नाव आम्हीच दिले. त्यांच्या यंत्राला दोन बटणे होती, एक खर्जाचे आणि एक बारीक स्वरांचे. खर्जाचे बटण ते शेवटपर्यंत पिळीत आणि वर अभिमानाने खाकरत. "खर्ज म्हणजे खानदान, शास्त्रीबुवा!" सत्यनारायणाची कथा असो वा संयुक्त महाराष्ट्राची सभा, आमच्या कानी पडे ते केवळ घुमणे.

वाडीच्या पत्र्याच्या मंडपाला एक खोड होती. विशिष्ट खालचा स्वर लागला की सारे पत्रे त्याच स्वरात घुमू लागत आणि शब्द त्यात बुडत. उपाय साधा होता: तेवढा खर्ज उतरवावा, शब्द आपोआप वर येतात. मी हे कितीदा विनविले! "बुवा, तुम्ही मंत्र सांभाळा, मशीन मी सांभाळतो," एवढेच उत्तर मिळे. अज्ञानाला औषध आहे. पण अज्ञानाने पागोटे बांधले की धन्वंतरीही हात टेकतो.

चळवळीच्या दिवसांत लालबागचे एक गिरणी कामगार सभेत बोलण्यास आले. गोळीबारात त्यांचा मुलगा गेला होता आणि वर्तमानपत्रात तो केवळ 'एक अनोळखी इसम' म्हणून छापला गेला होता. मंचाखाली त्यांनी मला मुलाचे नाव सांगितले आणि म्हणाले, "भटजीनू, माका भाषण करूक येना नाय. फकस्त झिलाचा नाव सगळ्यांनी आयकूक व्हया."

मी खर्जेश्वरांपुढे हात जोडले. "आज तरी खर्ज उतरवा."

"आजच तर भारदस्त हवा!"

कामगाराचा आवाज मुळातच धीरगंभीर. तोंड उघडताच पत्रे घुमू लागले. मागून कोणी ओरडले, "अरे, बोलतोय काय तो?" खर्जेश्वरांनी आवाज आणखी वाढविला. नाव उच्चारले गेले आणि त्या घुमण्यात नाहीसे झाले.

खाली उतरून त्या बापाने त्यांनाच विचारले, "नाव आयकूक इला मां?"

"अहो मामा, पत्रे हादरले!"

बापाने त्यांना वाकून नमस्कार केला, आणि त्यांनी तो निःसंकोच स्वीकारला. त्या पित्याचे समाधान मोडणे मला धर्म वाटला नाही.

खर्जेश्वर निवर्तले तेव्हा वाडीने त्यांच्या सेवेचे गोडवे गायले. मला मात्र त्या घुमण्यात बुडालेले नाव आठवत राहिले. त्या मुलाचे नाव दत्ताराम होते. वाचकहो, ते एकदा मोठ्याने वाचा. तुमच्या घरातील प्रत्येक हाक ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचो, आणि ओ देणारे कोणी कधी उणे न होवो.