चढावरचा ब्रेक

चौदा ऑक्टोबरला, सोमवारी, मामांनी सायकल यात्रेची वर्गणी भरली. एक हजार आठशे पंचाहत्तर. मास्तरांनी पावती फाडली आणि यादीत मामांच्या नावासमोर नेहमीप्रमाणे 'शेवट' असं लिहिलं. यात्रेला सत्तावीस माणसं होती, रस्ता सहा दिवसांचा, आणि त्यातला अर्धा शेजारच्या देशातला. तिथल्या डोंगरावरच्या देवस्थानापर्यंत जाऊन परत यायचं. त्यात मामांचं काम बावीस वर्षं ठरलेलं होतं. सगळ्यांच्या मागून सायकल चालवायची. कोणी थांबलं की थांबायचं, कोणाची चेन पडली तर ती चढवून द्यायची, आणि काही झालं तरी कोणाच्या पुढे जायचं नाही.

"गुडघा काय म्हणतोय?" मास्तरांनी विचारलं.

"कोणता?"

"दोन्ही."

"एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून बरं चाललंय."

मास्तर हसले, पण पुरतं हसले नाहीत. ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि यात्रेचे प्रमुख होते. त्यांनी यादी पुन्हा एकदा पाहिली आणि पेनाला टोपण लावलं.

डाव्या गुडघ्याचा एक्स-रे ऑगस्टमध्येच काढून झाला होता. तो पाकिटासकट कपाटावर, जुन्या कॅलेंडरांच्या खाली ठेवलेला होता. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून त्यावर बोट ठेवलं होतं. "मामा, इथे गादी असते. तुमची संपली." डॉक्टर ओळखीचे होते. त्यांच्याच रुग्णालयात मामांनी छत्तीस वर्षं स्ट्रेचर ढकललं होतं. वॉर्डबॉय म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत बॉयच राहिले. निरोपाच्या दिवशी मेट्रन म्हणाल्या, "आमचा बॉय आज मोठा झाला," तेव्हा सगळा मजला हसला होता आणि मामाही हसले होते.

स्ट्रेचर ढकलणं दिसायला सोपं. पण रॅम्प चढताना रुग्णाचं डोकं पुढे हवं, उतरताना पाय पुढे हवेत, आणि लिफ्टच्या उंबऱ्यावर चाकं एकदम न आपटता एकेक करून न्यायची, हे नवीन माणसाला शिकवायला मामांना महिना लागायचा. दर शनिवारी दुपारी ते स्ट्रेचर आडवं पाडत, शस्त्रक्रिया विभागातून बाद झालेल्या चिमट्याने चाकांत गुंतलेले केस आणि दोरे उपसून काढत, मग प्रत्येक चाकात तेलाचा एकच थेंब सोडत. त्यांच्या स्ट्रेचरचा आवाज होत नसे. ऑपरेशनला निघालेल्या माणसाला वर चाकांची करकर ऐकवायची, हे त्यांच्या मनाला पटत नसे. ढकलणारा डोक्याकडे उभा असतो, त्यामुळे मामांनी जन्मभर माणसांचे चेहरे उलटेच पाहिले. बाजारात कोणी हात धरून "मामा, ओळखलंत का?" असं विचारलं, की ते आधी मान वाकडी करत.

मामींना याची गंमत वाटे. "नोकरीत लोकांच्या मागे, यात्रेतही मागे," त्या म्हणत. "लग्नाच्या फोटोतसुद्धा हे माझ्या खांद्यामागून डोकावतायत. फोटोवाल्याला वाटलं, कोणी पाहुणा आहे."

शेवटची सायकल मात्र मामांच्या दृष्टीने गंमत नव्हती. पुढे कोणीही जाऊ शकतो, असं त्यांचं मत होतं. दमलेल्या माणसाला मागे वळून पाहिल्यावर कोणीतरी दिसायला हवं, आणि ते स्वतः दमलेलं असून चालणार नाही. म्हणून त्यांनीच यात्रेत एक नियम घातला होता. जो एकदा दमून सामानाच्या टेम्पोत बसला, त्याला शेवटची सायकल मिळायची नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. नियम कडक आहे असं कोणी म्हटलं, तर ते "असू दे कडक" म्हणत. कपाटावरच्या पाकिटाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही तो यामुळेच.

मामींना कॅलेंडरं झाडताना ते पाकीट सापडलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी पिशवी भरताना त्यांनी सर्वांत वर गुडघ्याचा पट्टा ठेवला.

"हे काय?"

"थंडी असते तिकडे."

"गुडघ्यालाच?"

"मग बांधा कानाला," मामी म्हणाल्या आणि पिशवीची चेन ओढली.

पहिले दोन दिवस सपाट रस्त्याचे होते, ते सुखात गेले. यात्रेत एक बाई नवीन होती, चाळिशीच्या आतबाहेरची, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, आणि सायकलला पुढे एक जाड लोखंडी कॅरियर. ती पहिल्या तासापासून मागे पडली. मामांनी तिला गाठून धीर दिला. "दमलात तर लाजायचं नाही, ताई. मी मागे आहे." तिने मान डोलावली. त्यानंतर ती सतत त्यांच्या पुढे वीस पावलांवर राहिली. पाणी प्यायला थांबायची, चपलेचा पट्टा नीट करायची, झाडावर कुठला पक्षी आहे ते पाहायची. मामांना ती आवडली. फक्त तिने सराव न करता यायला नको होतं, असं त्यांना वाटे.

तिसऱ्या दिवशी सीमा ओलांडायची होती. सत्तावीस जणांचा मिळून एकच परवाना होता, आणि तो त्या एकाच तारखेला चालणार होता. सत्तावीसच्या सत्तावीस माणसं फाटकावर समोर उभी राहिली, तरच ती पलीकडे जाणार. फाटक पाचला बंद होत असे. एक जरी माणूस उशिरा आला, तर सगळी यात्रा तिथूनच माघारी.

जेवण करून सगळे निघाले तेव्हा फाटक सतरा किलोमीटर राहिलं होतं, आणि सगळा चढ. साडेतीनपर्यंत बाकीचे पंचवीस वळणाआड दिसेनासे झाले. मामांनी मैलाचा दगड पाहिला. अजून अकरा. या वेगाने साडेपाच तरी वाजतील, हा हिशोब त्यांनी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तोच आला. डावा गुडघा प्रत्येक फेरीला आतून वाळू दळल्यासारखा करत होता. बाईंच्या वेगाने जावं लागतंय तेच बरं आहे, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

आता बाईंना टेम्पोत बसवायलाच हवं होतं. सामानाचा टेम्पो भांडी आवरून मागून निघत असे आणि चारच्या सुमारास सगळ्यांना ओलांडून पुढे जाई. मामा मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागले. 'ताई, यात कमीपणा नाही. जरा टेका. सगळ्यांसाठी म्हणून बसा.' स्ट्रेचरवर झोपायला नाही म्हणणाऱ्या कितीतरी माणसांना त्यांनी याच आवाजात झोपवलं होतं.

तेवढ्यात त्यांना पुढून चीं चीं असा बारीक आवाज ऐकू आला. रबर रिमला घासत होतं.

"ताई, थांबा!" मामा खूष होऊन ओरडले. "ब्रेक धरतोय तुमचा! मग चढणार कशी सायकल? आधी सांगायचं नाही का?"

ती थांबली. मामा कसेबसे खाली बसले. मागचं चाक उचलून त्यांनी फिरवलं. चाक फिरत राहिलं, अगदी मोकळं, कितीतरी वेळ. पुढचंही तसंच. रबर आणि रिम यांच्यात दोन्ही बाजूंनी नखाएवढी फट होती. पान्हा हातात तसाच धरून मामांनी दुसऱ्या हाताने रिम चाचपली. रिम गरम होती.

त्यांनी पान्हा खिशात टाकला.

"चढावर ब्रेक मारत होतात?"

"सवय आहे हो," बाई रस्त्याकडे पाहत म्हणाली.

"चढावर?"

तिने ब्रेकवरचा हात काढून घेतला.

"ताई, तुम्ही काय काम करता?"

"पेपर टाकते."

"किती?"

"दोनशे दहा. रविवारी पुरवण्या असतात, तेव्हा दोन खेपा."

मामांनी त्या जाड कॅरियरकडे आता नीट पाहिलं. "कधीपासून?"

"चौदा वर्षं झाली." आणि मग ती भराभर बोलली. "मास्तर म्हणाले, मामांच्या पुढे कोणीतरी हळू चालवणारं हवं. म्हणजे मामांना हळू जाता येईल. बाकीचे म्हणाले, आम्हाला नाही जमणार, मामा ओळखतील. मी नवीन. मला तुम्ही ओळखत नव्हता."

"मास्तरांना कोणी सांगितलं?"

"मामींनी."

मामा उठायला गेले आणि गुडघ्याने अर्ध्यातच नाही म्हटलं. बाईने हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. सायकलचा दांडा धरून ते उभे राहिले.

"तीन दिवस माझा पोपट केलात सगळ्यांनी मिळून," ते म्हणाले. आवाज चढला होता. "मी तुम्हाला पाणी पाजतोय, धीर देतोय. आणि तुम्ही पक्षी बघताय!"

"पक्षी खरंच बघत होते."

"दमलात तर लाजू नका म्हणालो मी तुम्हाला!"

"मी दमलेच नाही, मामा. त्याचीच लाज वाटत होती."

मामांना हसू आलं असतं, पण वेळ नव्हता. चारला दहा कमी होते. खालच्या वळणावर टेम्पोचा हॉर्न वाजला. जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं त्यांच्या डोक्यात तयार होती, आणि ती म्हणायला आता समोर दुसरं कोणी नव्हतं.

"ब्रेक न मारता किती वेळात पोचाल?" त्यांनी विचारलं.

"पाऊण तास. फार तर तास."

मामांनी पंप आणि पान्ह्यांची पिशवी सोडवली आणि तिच्या कॅरियरला बांधली. दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली.

"वाटेत कोणी थांबलेलं दिसलं तर ओलांडायचं नाही. घाई आहे म्हणून ओरडायचं नाही. चेन पडली तर मागच्या गिअरवरून चढवायची. पुढे कोणी रडायला लागलं, तर पाणी द्यायचं आणि दुसरीकडे बघायचं."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो," मामा म्हणाले.

टेम्पोवाला थांबला. मामांची सायकल भांड्यांवर चढवली गेली आणि मामा पुढे त्याच्या शेजारी बसले. बाईने सीटवरून उठून चार पायडलं मारली आणि ती वळणाआड गेलीही. मामा त्या वळणाकडे बघत राहिले. असं चालवता येत असताना तीन दिवस वीस पावलांवर राहायचं, याला काय लागत असेल, असा विचार त्यांच्या मनात आला. सायकल दोरीने आवळायला वेळ गेला. टेम्पोने तिला दोन किलोमीटरवर गाठलं तेव्हा तिने मान वर केली नाही.

मग एकेक करून बाकीचे लागले. बावीस वर्षं मामांनी या माणसांच्या पाठी पाहिल्या होत्या. कोणाचा सदरा कुठे भिजतो आणि कोण चढावर डावीकडे झुकतो, ते त्यांना पाठ होतं. टेम्पो पुढे गेला की बाजूच्या आरशात तोच माणूस समोरून दिसे. यात्रेतला शिंपी चढावर तोंड उघडं ठेवतो. मास्तर डोळे जवळजवळ मिटून घेतात आणि ओठ हलवत काहीतरी मोजत असतात, पायडलच्या फेऱ्या किंवा माणसं. मामा आरशाकडे वाकून प्रत्येकाला नीट पाहत गेले. कोणी हात केला नाही. आत कोण बसलंय ते त्यांना कळलंच नव्हतं.

फाटकावर मामा सर्वांत आधी पोचले. काय करावं ते त्यांना सुचेना. बाकावर बसले, उठले, अधिकाऱ्याच्या खिडकीवरचं घड्याळ पाहून आले. पावणेपाचला पंचवीस जण आले. त्यांच्यातल्या कोणीही त्यांना काही विचारलं नाही. फक्त मास्तर शेजारी येऊन बसले.

"रागावलात?"

"हो," मामा म्हणाले.

"बरं."

दोघेही रस्त्याकडे पाहत बसले. शेवटच्या माणसाची वाट पाहणं इतकं अवघड असतं, हे मामांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं सगळी माणसं असंच बसून आपल्याकडे डोळे लावत असतील, हे कधी त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाचला आठ कमी असताना बाई आली. शर्ट पाठीला चिकटला होता आणि या वेळी ती खरीच दमली होती. मामांनी तिला पाणी दिलं आणि दुसरीकडे पाहिलं.

अधिकाऱ्याने यादी वाचली. सत्तावीस भरले. यात्रा पलीकडे गेली, दुसऱ्या दिवशी दुपारी देवस्थानी पोचली आणि सहाव्या दिवशी परत आली. सपाटीवर मामांनी घोळक्याच्या मधोमध सायकल चालवली आणि चढ आला की पलीकडे सामानासाठी घेतलेल्या गाडीत बसले. पंपाची पिशवी त्यांनी परत मागितली नाही.

फाटकाच्या अलीकडचा टेम्पो पलीकडे जात नसे. त्या संध्याकाळी फाटकावर सामान उतरवताना टेम्पोवाल्याने बसणाऱ्याचे चाळीस रुपये मागितले. मामांनी जेवणाच्या जागीच जवळच्या बहुतेक नोटा पलीकडच्या चलनात बदलून घेतल्या होत्या, आणि पलीकडची नोट टेम्पोवाला घेईना. "याचा इथे चहासुद्धा मिळत नाही, मामा." सुट्टे पंचवीस निघाले, ते त्यांनी दिले. परतीच्या वेळी टेम्पो दुसराच आला. पंधरा द्यायचे राहिले आहेत.