अक्तीची गोरी नवरी

दुर्पताबाई चिडली की हातातलं काम थांबवत नाही, उलट दुप्पट जोरात करते. त्या दुपारी तिच्या शिलाई मशीनचा खडखडाट माझ्या अंगणवाडीपर्यंत आला, तेव्हाच मी ओळखलं की झाला प्रकार तिच्या कानावर गेलाय.

आमचं गाव अर्जुनी मोरगावपासून सायकलच्या अंतरावर. दुर्पताबाई इथे उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते, वर्षभर पोरींचे फ्रॉक शिवते आणि अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की मातीचे बाहुला-बाहुली, आमचे पुतरा-पुतरी, करून भाजते. त्या दिवशी आमच्या पोरी पुतरा-पुतरीचं लग्न लावतात. रीतसर लावतात हो. मांडव, हळद, वरात, जेवण, काही सुटत नाही. बाईचा नवरा कधीच गेला, लेक-सून हैदराबादला बांधकामावर. आठ वर्षांची नात खुशबू तेवढी जवळ आहे, आणि दरवर्षी नवरीची माय खुशबूच असते.

दुर्पताबाईचं हाडवैर आहे ते एका बाहुलीशी. गुलाबी डब्यातून येणारी, सोनेरी केसांची, मुठीत मावेल एवढ्या कमरेची ती बया. मी दुर्पताबाईच्याच बाजूची आहे, आधीच सांगून ठेवते. ही बाहुली आमच्या गावात पंधरा पोरींकडेही नसेल, पण राज्य तिचंच आहे. फ्रॉक शिवायला टाकणारी आई मोबाईलवर फोटो दाखवते तो तिचा. रंग गुलाबीच हवा, घेर जाळीचा हवा, कंबर आवळलेली हवी, मग पोरीला जेवण जावो न जावो. वाढदिवसाच्या केकात कमरेपर्यंत रुतून उभी तीच. लग्न ठरलेल्या पोरी भाड्याचा गाऊन फरफटत बोदलकसा तलावाच्या पाळीवर फोटो काढायला जातात, तो गाऊनही तिचाच.

"पाय पाहिले का तिचे?" दुर्पताबाई मला एकदा म्हणाली होती. "टाचा टेकतच नाई भुईले. जे पोरगी उभी राहू शकत नाई, तिच्यासारखं दिसाले हे मरून राहिले!"

यंदा अक्तीला सोनू माहेरी आली. सोनू याच गावची, दुर्पताबाईच्या पुतऱ्या खेळून मोठी झालेली, आता गोंदियाला मोठ्या घरची सून. तिच्या लेकीनं, प्रेरणानं, सोबत ती बाहुली आणली. पोरी वेड्या झाल्या. मातीची पुतरी कोपऱ्यात गेली आणि नवरी ही ठरली.

सोनू मांडवाशी उभी राहून मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. खुशबूकडे पाहून हसत म्हणाली, "अरे, गोऱ्या नवरीची आई अशी असते का? कोई और बैठो ना इसके पास." बाकीच्या बायाही हसल्या. मी तिथेच होते. माझ्या पायाची आग मस्तकात गेली, पण तोंड उघडलं नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

खुशबू उठली नाही. तिनं आपलं काम केलं. आमच्याकडे नवरीला हळद लावतात ती घासून, मुरवून. तिनं तेलात कालवलेली हळद बाहुलीच्या तोंडाला, मानेला, हातांना चोळली आणि रीतीप्रमाणे तशीच ठेवली, दोन तास, वैशाखाच्या उन्हात. धुतली तेव्हा नवरी पिवळीजर्द. साबण झाला, राख झाली, डाग हलेना.

"ये क्या कर दिया!" सोनू कडाडली. "नागपूरच्या मॉलमधून आणलेली डॉल आहे! आपले काळे हात तरी पाहायचे होते आधी!" आणि तिनं पर्समधून नेलपॉलिश काढायचं पाणी काढलं, कापसावर घेतलं आणि तोंड घासलं. हळद होती तिथेच राहिली. डोळे आणि ओठ मात्र कापसावर आले. प्रेरणानं बिनतोंडाची बाहुली पाहून असा गळा काढला की मांडव ओस पडला.

मशीनचा खडखडाट यानंतरचा. खुशबूनं घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. मी उठून दुर्पताबाईच्या ओसरीवर जाऊन बसले.

तासाभरानं सोनू बाहुली घेऊन दुर्पताबाईच्या दारात आली. पुतऱ्यांचे डोळे दुर्पताबाईसारखे कोणी काढत नाही, हे तिलाही ठाऊक. "मावशी, तेवढे डोळे काढून द्या ना. पोरगी जेवत नाही."

मशीन थांबलं. "आन माही पोरगी जेवली का? इचारलं तू? माह्या पुतऱ्या खेळून वाढली तू, सोनू, माह्याच नातीले हात पाहाले लावते? काऊन? कोणता रंग चढला तुले गोंदियात?"

प्रेरणा सोनूच्या मागे हुंदके देत होती. दुर्पताबाईनं त्या पोरीकडे पाहिलं, बाहुली हिसकावून घेतली आणि हाक मारली, "खुशबू! ये इकडे. नवरीची माय तू हायेस. काजळ तू लाव, मी हात धरतो."

खुशबू आतल्या दारातून हलली नाही.

"आधी तिला चुना लाव, आजी."

"कायले?"

"गोरी कराले. आपल्या पुतऱ्यांना लावते ना तू. तूच त म्हणते, काळी पुतरी कोणी घेत नाई."

खरं होतं. बाजारात मातकट पुतऱ्या उरायला लागल्या, तेव्हापासून दुर्पताबाई चुन्यात चिमूटभर गुलाबी रंग कालवून त्यांची तोंडं रंगवते. मीही पाहत आले. कशी बोलणार? अंगणवाडीच्या भिंतीवरच्या 'हुशार मुली' मीच गोऱ्या रंगवून घेतल्यात.

दुर्पताबाईनं बाहुली सोनूच्या हातात परत दिली. मग ओलं फडकं घेऊन ओसरीवर बसली आणि विकायला मांडलेल्या पुतऱ्यांची तोंडं एकेक करून घासायला लागली. तोंडानं शिव्या चालूच. आधी सोनूला, मग त्या बाहुलीला, मग बाजाराला, आणि शेवटी स्वतःला. भाजलेल्या मातीचा रंग वर आला तशी तिनं पहिली पुतरी खुशबूपुढे धरली.

खुशबूनं ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"आता हिला कोण घेईल, आजी?"